कामगाराचा विमा : कोणाला, किती आणि कसा?



आपल्या गावांतून पोटासाठी बाहेर कामाला जाणारी माणसे आता पुष्कळ झाली आहेत. कुणाचा मुलगा एमआयडीसीत यंत्रावर उभा असतो. कुणाची सून शिवणकामाच्या कारखान्यात जाते. कुणी हॉटेलात आहे, कुणी गोदामात हमाली करतो. शेतावर होतो तेव्हा पाऊस आणि पीक यांची काळजी होती. कारखान्यात काळजी निराळी. आज हातपाय चालतात म्हणून मजुरी मिळते. उद्या ताप भरला, बोट यंत्रात गेले, तर चूल कशी पेटायची?

या प्रश्नाला उत्तर म्हणून आपल्या देशात एक कायदा आहे. त्याचा लाभ मागून मिळतो, पण मागायला तो ठाऊक असावा लागतो. म्हणून आजचा धडा नीट वाचा. जड वाटला तर दोन बैठकींत वाचा.

विमा म्हणजे काय?

गावात सावड करतात ना? आज माझ्या रानात तुम्ही, उद्या तुमच्या रानात मी. एकट्याला न पेलणारे काम सगळे मिळून उरकतात. विमा म्हणजे पैशाची सावड. पुष्कळ माणसे दरमहा थोडे थोडे पैसे एका ठिकाणी ठेवतात. ज्याच्यावर प्रसंग येतो, त्याला त्यातून आधार मिळतो. सगळ्यांवर एकाच दिवशी प्रसंग येत नाही, म्हणून हे जमते. थेंबे थेंबे तळे साचे, म्हणतात ते हेच.

कामगारांच्या या विम्यात आणखी एक गोष्ट आहे. इथे कामगार एकटा पैसे भरत नाही. मालकालाही भरावे लागतात, आणि मालकाचा वाटा कामगाराच्या चौपटीहून जास्त असतो.

कायदा कसा झाला?

इंग्रजांच्या अमदानीत, १९४३ साली, सरकारने प्रा. बी. पी. आदरकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितले. त्यांनी १९४४ मध्ये आपला अहवाल दिला. स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली इथे योजना सुरू झाली. कानपूरला पंडित नेहरू स्वतः हजर होते. १९५४ मध्ये ती आपल्याकडे नागपूर आणि मुंबई इथे आली.

पुढे संसदेने कामगारांचे पुष्कळ जुने कायदे एकत्र करून 'सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०' केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. १९४८ चा कायदा आता तिच्यात सामावला आहे. नाव बदलले, पण योजना तीच आहे. लोक तिला 'ईएसआय' म्हणतात. आपणही तेच म्हणू. ती चालवणारे महामंडळ केंद्र सरकारचे आहे.

हा विमा कोणाला लागू?

आपल्याला विमा लागू आहे का, हे पाहायला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : कामाच्या जागी माणसे किती? दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील, तर विमा लागू होतो. मग तो कारखाना असो, दुकान असो, हॉटेल असो की खासगी दवाखाना असो. जिवाला धोका असलेल्या कामांसाठी सरकारने तसे जाहीर केले, तर एक माणूस असला तरी विमा लागू करता येतो.

दुसरा प्रश्न : मजुरी किती? महिन्याची मजुरी २१,००० रुपयांपर्यंत असावी. अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. या मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून ठरल्या. मजुरी म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. घरभाडे भत्ता, जादा कामाचे पैसे वगैरे तीत धरत नाहीत. पण असे वगळलेले पैसे एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्यावरचा भाग मजुरीत धरतात. मूळ पगार कमी दाखवून बाकी सगळे भत्त्यात ढकलायचे, ही युक्ती चालू नये म्हणून ही तजवीज आहे.

तिसरा प्रश्न : काम कोणाचे? इथेच पुष्कळ जण फसतात. ठेकेदार म्हणतो, "तू कंपनीचा माणूस नाहीस, माझा माणूस आहेस. तुला विमा नाही." हे खरे नाही. ठेकेदारामार्फत लावलेला कामगारही विम्यात येतो. कायम असो, तात्पुरता असो, रोजंदारीवर असो, कामगार तो कामगार. बाई आणि पुरुष असाही भेद नाही.

कोण या विम्याबाहेर आहे?

हेही सांगायला हवे, नाही तर खोटी आशा लागते. आपल्या शेतावर राबणारा शेतकरी आणि दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणारा मजूर या विम्यात येत नाहीत. टोपली घेऊन भाजी विकणारी बाईही येत नाही. हंगामी कारखानेही बाहेर आहेत. फक्त साखर किंवा गूळ करणारा, सरकी काढणारा, कापसाच्या गाठी बांधणारा, भुईमूग फोडणारा कारखाना कायद्याने हंगामी ठरतो. म्हणून साखर कारखान्यावर काम करणाऱ्याने "मला ईएसआय का नाही?" म्हणून भांडण्याआधी हे लक्षात घ्यावे.

पण विमा नाही म्हणजे काहीच नाही, असे मात्र समजू नका. विम्याबाहेरच्या कामगाराला कामावर इजा झाली, तर मालकाकडून नुकसानभरपाई मागण्याची वेगळी तरतूद कायद्यात आहे. आणि असंघटित कामगारांनी 'ई-श्रम'वर नाव नोंदवावे. ही नोंदणी २०२१ साली सुरू झाली.

वर्गणी किती?

१ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा मजुरीच्या शेकडा पाऊण आहे, म्हणजे शंभर रुपयांना पंचाहत्तर पैसे. मालकाचा वाटा शेकडा सव्वातीन आहे, म्हणजे शंभराला तीन रुपये पंचवीस पैसे.

हिशेब मांडू या. समजा, महिन्याची मजुरी १२,००० रुपये.

कामगाराचा वाटा : ९० रुपये.
मालकाचा वाटा : ३९० रुपये.
एकूण वर्गणी : ४८० रुपये.

पगारातून ९० रुपयेच कापता येतात. मालकाचे ३९० रुपये कामगाराच्या पगारातून कापणे हा गुन्हा आहे. ज्यांची रोजची सरासरी मजुरी १७६ रुपयांपर्यंत आहे, त्यांनी आपला वाटा भरायचा नाही. मालकाने मात्र आपला भरायचाच. ही सगळी वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरण्याची जबाबदारी मालकाची आहे.

नव्वद रुपये कुठे जातात?

लोक माझ्याकडे कागद वाचून घ्यायला येतात. एकदा एक सूनबाई पगाराची चिठ्ठी घेऊन आली. बोट ठेवून म्हणाली, "गुरुजी, हे नव्वद रुपये दर महिन्याला कुठं जातात?"

मी म्हटलं, "हा तुझा विमा. तुझा नंबर काय?"

"नंबर? मला कुणी नंबर दिला न्हाई."

"घरात कोण आजारी पडलं होतं का?"

"मालकांना कावीळ झाली होती. अठरा दिवस खासगी दवाखान्यात होते. कानातलं मोडलं, वर चाळीस हजार व्याजानं काढलं."

तिचा विमा होता. त्याच विम्यात तिच्या नवऱ्याचे औषधपाणी बसत होते. कानातले मोडायची गरज नव्हती. पैसे कापले जात होते, पण कशासाठी ते कुणी सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. पुढे तिने कचेरीतून आपला नंबर मिळवला. व्याज मात्र अजून फिटते आहे.

तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही. आजच आपला नंबर माहीत करून घ्या.

काय काय मिळते?

१. औषधोपचार. कामाला लागल्या दिवसापासून कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला ईएसआयच्या दवाखान्यात औषधोपचार मिळतो. कुटुंब म्हणजे नवरा किंवा बायको, लहान मुले, लग्न न झालेली मुलगी, आणि कामगाराच्या आधारावर जगणारे आईबाप. आईबापांची स्वतःची मिळकत ठरलेल्या मर्यादेच्या आत असावी लागते. बाई कामगार असेल, तर तिच्या आधारावर जगणारे सासूसासरेही नव्या संहितेत धरले आहेत. मुंबईत मुलुंड, तसेच ठाणे, चिंचवड, नाशिक, सोलापूर, नागपूर इथे या योजनेची मोठी रुग्णालये आहेत. फार मोठ्या, खर्चाच्या उपचारांना काही जादा अटी आहेत. त्या दवाखान्यात विचाराव्यात.

२. आजारपणाची मजुरी. आजारी पडून कामावर जाता आले नाही, तर सरासरी रोजच्या शेकडा ७० या दराने पैसे मिळतात. वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस साधारणपणे धरत नाहीत. क्षय, कर्करोग, पक्षाघात अशा लांबणाऱ्या ३४ रोगांसाठी शेकडा ८० मिळतात, आणि ते दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. पण त्यासाठी नोकरीला दोन वर्षे झालेली असावी लागतात, आणि वर्गणीचे १५६ दिवस भरावे लागतात.

३. बाळंतपण. बाईला २६ आठवडे पूर्ण मजुरी मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. आधीच दोन मुले हयात असतील, तर १२ आठवडे मिळतात. गर्भपात झाला तर सहा आठवडे. अट अशी की, मागच्या दोन वर्गणी-मुदतींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी. सासरच्या आणि माहेरच्या वडीलधाऱ्यांनी हे वाचावे. पोर पोटात असताना "पगार बुडेल" म्हणून तिला शेवटच्या दिवसापर्यंत कामावर धाडू नये.

४. कामावरची इजा. इथे दिवसांची अट नाही. आज सकाळी कामावर लागला आणि दुपारी हात सापडला, तरी हक्क आहे. इजेमुळे निदान तीन दिवस काम करता आले नाही, तर सरासरी रोजच्या शेकडा ९० मिळतात. बरे होईपर्यंत मिळतात. कायमचे अपंगत्व आले, तर डॉक्टरांचे मंडळ तपासून कमावण्याची शक्ती किती गेली ते ठरवते, आणि त्या प्रमाणात जन्मभर पैसे मिळतात. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना अपघात झाला, आणि त्याचा कामाशी संबंध दिसला, तर तोही कामावरचाच धरतात.

५. कामगाराचा मृत्यू. कामावरच्या इजेने कामगार गेला, तर त्याच्या माणसांना सरासरी रोजच्या शेकडा ९० एवढी रक्कम मिळते. तिचे पाच हिस्से धरले, तर विधवेला तीन हिस्से आणि प्रत्येक मुलाला दोन हिस्से. समजा, सरासरी रोज ४०० रुपये होता. शेकडा ९० म्हणजे ३६० रुपये. विधवा आणि एक मूल असेल, तर तिला रोजचे २१६ आणि मुलाला १४४. मुले दोन असली, तर हिस्से सात होतात. मग तेच ३६० रुपये सात हिश्श्यांत वाटतात. विधवेला हे जन्मभर किंवा दुसरे लग्न होईपर्यंत मिळते. विमा असलेला कामगार कशानेही गेला, तरी अंत्यविधीच्या खर्चासाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात.

६. निवृत्तीनंतर. निदान पाच वर्षे विम्यात राहून जो वयोमानाने निवृत्त झाला, त्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचा आणि जोडीदाराचा औषधोपचार चालू ठेवता येतो. वर्षाचे १२०, म्हणजे महिन्याचे दहा रुपये.

७८ दिवसांचा हिशेब

आजारपणाच्या मजुरीला ७८ दिवसांची अट आहे. ती जरा सावकाश समजून घ्या.

वर्षाच्या दोन मुदती केल्या आहेत. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर ही एक. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च ही दुसरी. या वर्गणीच्या मुदती. पेरणी आधी आणि पीक मागून, तसे वर्गणी आधी आणि लाभ मागून.

एप्रिल ते सप्टेंबर या मुदतीत ७८ दिवसांची मजुरी मिळून तिची वर्गणी भरली गेली, तर पुढच्या १ जानेवारी ते ३० जून या काळात आजारपणाची मजुरी मिळते. ऑक्टोबर ते मार्च या मुदतीत ७८ दिवस भरले, तर पुढच्या १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात मिळते.

उदाहरण घ्या. एक भाऊ रोज ४०० रुपयांवर काम करतो. एप्रिल ते सप्टेंबर त्याचे १२० दिवस भरले. फेब्रुवारीत तो टायफॉइडने तीस दिवस घरी पडला. पहिले दोन दिवस सोडून २८ दिवस राहिले. ४०० चे शेकडा ७० म्हणजे २८० रुपये. २८ गुणिले २८०, म्हणजे ७,८४० रुपये. सावकाराकडे न जाता एवढ्यात घरचे धान्य आणि मीठमिरची भागते.

दुसरा भाऊ त्याच्याच शेजारी काम करतो. पेरणीला गावी आला, पुन्हा जत्रेला आला, मग लग्नसराईत राहिला. त्याचे ७० दिवसच भरले. आठ दिवसांसाठी त्याची आजारपणाची मजुरी गेली. म्हणून गावी येताना दिवस मोजत जा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कामाच्या दिवसाला खूण करा.

नवीन लागलेल्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. पहिल्यांदाच विम्यात आलेल्याला आजारपणाची मजुरी नऊ महिन्यांनंतर सुरू होते. तोवर औषधोपचार मात्र मिळतो, आणि कामावरच्या इजेचा हक्कही असतो.

मधेच पगार वाढून मर्यादेच्या वर गेला, तर? चालू वर्गणी-मुदत संपेपर्यंत विमा चालू राहतो.

आपण काय करायचे?

१. कामाला लागताच विचारा : "माझा विमा नंबर काय?" हा नंबर दहा आकड्यांचा असतो. तो वहीत लिहा, आणि घरच्या माणसालाही लिहून द्या. मोबाइल हरवतो, वही राहते.

२. नोंदणीत बायकोचे, मुलांचे, आईबापांचे नाव आहे का, ते पाहा. नाव आणि वय आधार कार्डाशी जुळते का, तेही पाहा. 'लक्ष्मण' आणि 'लक्षमन' या दोन नावांपायी कामे अडतात.

३. पगाराची चिठ्ठी मागा आणि जपून ठेवा. नोकरी बदलली तरी नंबर तोच चालतो. नवा काढू नका, जुना सांगा.

४. आजारी पडल्यावर ईएसआयच्या डॉक्टरकडे जा. त्याच्या दाखल्यावर मजुरी मिळते. दाखला शाखा कचेरीत वेळेवर पोहोचवा.

५. अपघात झाला तर त्याच दिवशी मालकाला कळवा, आणि अपघाताच्या वहीत नोंद करून घ्या. जवळ कोण होते, त्यांची नावे लिहून ठेवा. "घरी पडला असं सांग, आम्ही खर्च देतो," असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. खर्च एकदा मिळेल. जन्माचा हक्क जाईल.

६. पैसे कापतात पण नंबर देत नाहीत, किंवा दहाच्या वर माणसे असून नोंदणीच नाही, तर शाखा कचेरीत लेखी अर्ज करा. मालकाने नोंदणी केली नाही, म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. चौकशीसाठी फुकटचा फोन आहे : १८००-११-२५२६.

एकट्याने जायला भीती वाटते, हे मला समजते. ठेकेदार उद्या कामावरून काढील, ही धास्ती खोटी नाही. म्हणून चार जण मिळून जा. अर्जावर चौघांच्या सह्या करा. अंगठा नको, सही करा. ज्या हाताने तुम्ही पाटीवर अक्षरे गिरवली, त्या हाताची सही कचेरीत चालते.

दर आणि मर्यादा सरकार मधून मधून बदलते. अर्ज करण्याआधी त्या वेळचा आकडा विचारून घ्यावा.

ही भीक नाही आणि मालकाची मेहेरबानी तर नाहीच. यात तुमच्या घामाचे पैसे आहेत. आपले पैसे कुठे आहेत, हे विचारायला लाजायचे कशाला?

शब्दांचे अर्थ

वर्गणी – विम्यासाठी दरमहा भरायचे पैसे
मुदत – ठरावीक काळ
हंगामी – वर्षातले काही महिनेच चालणारे
संहिता – अनेक कायदे एकत्र करून केलेला एक कायदा
तजवीज – व्यवस्था

प्रश्न

१. किती माणसे कामाला असली म्हणजे विमा लागू होतो?
२. ठेकेदाराच्या कामगाराला विमा आहे की नाही?
३. मजुरी १६,००० रुपये असेल, तर कामगाराचा वाटा किती आणि मालकाचा किती?
४. ऑक्टोबर ते मार्च या मुदतीत ८० दिवस भरले. आजारपणाची मजुरी कोणत्या महिन्यांत मिळेल?
५. कोणत्या लाभाला दिवसांची अट नाही?
६. तुमच्या घरातले कोण बाहेर कामाला आहे? त्यांना पत्र लिहा, आणि त्यांचा विमा नंबर कळवायला सांगा.